अंगावरची गाठ दुखत नाही, म्हणजे ती साधीच असते का?

आंघोळ करताना पाठीवरून, दंडावरून हात फिरतो आणि त्वचेखाली काहीतरी हाताला लागते. दाबून पाहिले तर मऊ, थोडे सरकणारे. दुखत नाही, खाजत नाही. अशा वेळी माणसे साधारण दोन प्रकारे वागतात. काहींची झोप उडते, कारण गाठ म्हटले की त्यांच्या मनात पहिला शब्द कॅन्सर हाच येतो. उरलेले म्हणतात, "दुखत नाही ना, मग असू दे." आणि ती गाठ वर्षानुवर्षे तशीच अंगावर राहते.

घाबरणाऱ्यांना आधी दिलासा देऊ या. त्वचेवरच्या आणि त्वचेच्या लगेच खाली असणाऱ्या बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात. त्या कॅन्सरच्या नसतात आणि पुढेही सहसा कॅन्सरच्या होत नाहीत. पण "दुखत नाही म्हणून असू दे" म्हणणाऱ्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. त्यांची गाठ बहुधा साधीच असेल, मात्र तिला साधी ठरवण्याचे त्यांचे कारण चुकीचे आहे. गाठ दुखते की नाही यावरून ती साधी की गंभीर हे ठरत नाही.

दुखण्यावरून का ठरवता येत नाही?

केसतूड किंवा काखमांजरी झाली की हात वर करणेही नकोसे होते. तिथे काही दिवसांत पू साठतो, आजूबाजूला सूज येते, त्वचा ताणली जाते आणि ठणका लागतो. दुखणे भरपूर असते, पण आजार बहुतेक वेळा साधा जंतुसंसर्ग असतो आणि उपचाराने बरा होतो.

याउलट जी गाठ महिनोन्‌महिने हळूहळू वाढते, तिच्याभोवतीच्या स्नायूंना आणि त्वचेला जागा करून द्यायला वेळ मिळतो. नसांवर एकदम ताण पडत नाही, त्यामुळे दुखतही नाही. चरबीची साधी गाठ याच कारणाने दुखत नाही. आणि अडचण अशी, की कॅन्सरची गाठसुद्धा सुरुवातीच्या काळात बहुतेक वेळा याच कारणाने दुखत नाही. दुखू लागेपर्यंत थांबायचे ठरवले, तर उपचार सर्वांत सोपा असतो तो काळ हातातून निघून जाऊ शकतो.

म्हणून गाठीबद्दल स्वतःला हे पाच प्रश्न विचारा: ती केवढी आहे? वाढते आहे का? वरवर आहे की खोल? कुठे आहे? आणि तिच्यावरची त्वचा कशी दिसते? या उत्तरांतून दुखण्यापेक्षा कितीतरी जास्त कळते.

नेहमी आढळणाऱ्या निरुपद्रवी गाठी

चरबीची गाठ. डॉक्टर तिला लायपोमा म्हणतात. ती त्वचेखालच्या चरबीच्या पेशींची बनलेली असते. हाताला मळलेल्या कणकेसारखी मऊ लागते आणि बोटाने ढकलली की त्वचेखाली सरकते. वरची त्वचा अगदी नेहमीसारखी असते. खांदा, पाठ, दंड, पोट आणि मांडी या तिच्या नेहमीच्या जागा. चाळिशी ते साठीच्या दरम्यान ती जास्त आढळते. काहींच्या अंगावर अशा अनेक गाठी असतात आणि एकाच घरात वडील, काका, मुलगा अशा अनेकांना असू शकतात. लठ्ठपणामुळेच ती होते असे नाही. सडपातळ माणसालाही होते. वजन कमी केल्याने किंवा तेल-तूप सोडल्याने ती विरघळत नाही. या गाठींपैकी काहींमध्ये बारीक रक्तवाहिन्या जास्त असतात आणि त्या दाबल्यावर दुखतात, तरीही त्या निरुपद्रवीच असतात. दुखण्यावर विसंबता येत नाही याचे हे आणखी एक उदाहरण.

आवाळू. ही त्वचेतली छोटी पिशवी असते. त्वचेचा वरचा थर सतत झडत असतो. त्या पेशी बाहेर पडण्याऐवजी आत अडकल्या की त्यांचा पांढरट, दह्याच्या चोथ्यासारखा, उग्र वासाचा साठा होतो. आवाळू गोल आणि थोडे घट्ट असते, त्वचेला चिकटलेले असते, आणि पुष्कळदा मधोमध एक काळा ठिपका दिसतो. ही खूण असेल तर ओळख जवळजवळ पक्की होते. डोक्यावरच्या आवाळूत मात्र बहुधा हा ठिपका नसतो. कंगवा लागतो, न्हाव्याच्या हाताला जाणवते, म्हणून ते लक्षात येते.

आवाळू शांत असेल तर काही करावे लागत नाही. त्यात जंतुसंसर्ग झाला तर ते लाल, गरम होते आणि ठणकते. तेव्हा पू काढावा लागतो, पण नुसता पू काढल्याने पिशवी आतच राहते आणि काही महिन्यांनी आवाळू पुन्हा भरते. सूज पूर्ण ओसरल्यावर पिशवीसकट काढले तरच ते कायमचे जाते.

मस आणि चामखीळ. बोलताना आपण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो, पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मानेवर, काखेत, जांघेत बारीक देठावर लोंबणारे मऊ मस हे जादा त्वचेचे तुकडे असतात. ते संसर्गजन्य नाहीत. खरखरीत, कडक चामखीळ मात्र विषाणूमुळे येते आणि खाजवल्याने किंवा दाढी करताना कापल्याने आजूबाजूला पसरू शकते.

मानेवर पुष्कळ मस असतील आणि सोबत मानेची त्वचा काळपट, मखमलीसारखी जाड झाली असेल, तर त्याकडे केवळ दिसण्याचा प्रश्न म्हणून पाहू नका. अनेक घरांत हा काळेपणा मळ समजून मुलांची मान घासली जाते. प्रत्यक्षात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी रक्तातली साखर तपासून घ्यावी. मस निरुपद्रवी असतो. त्यामागचा मधुमेह तसा नसतो.

पायावरची बारीक, घट्ट गाठ. नडगीवर किंवा पोटरीवर मसुराएवढी, तपकिरी, कडक गाठ. कधी किडा चावलेला किंवा काटा बोचलेला असतो, कधी काहीच आठवत नाही. दोन बोटांनी दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की ती वर येण्याऐवजी आत खळगा पडतो. तिला डर्मॅटोफायब्रोमा म्हणतात. वर्षानुवर्षे तशीच राहते, त्रास देत नाही.

मनगटावरची गाठ. मनगटाच्या मागच्या बाजूला, हात वाकवला की जास्त उठून दिसणारी, टणक गोळीसारखी गाठ म्हणजे गँग्लियॉन. तिच्यात जेलीसारखा घट्ट द्रव असतो. अंधारात बॅटरीचा प्रकाश टाकला तर गाठ उजळते. यातल्या बऱ्याच गाठी काही महिन्यांत किंवा वर्षांत आपोआप जिरतात. त्यावर जाड पुस्तक आपटून ती फोडायची जुनी पद्धत अजिबात वापरू नका. मनगटाला इजा होते आणि गाठ परत येते.

केलॉइड. जखम भरल्यानंतर व्रण जखमेच्या हद्दीबाहेर वाढत जातो, कडक आणि गुलाबी-काळपट होतो. कान टोचल्यावर पाळीला, मुरुमानंतर छातीवर आणि खांद्यावर तो जास्त दिसतो. तो कॅन्सर नाही, पण नुसता कापून काढला तर अनेकदा आधीपेक्षा मोठा होऊन परततो. म्हणून त्वचारोगतज्ज्ञाकडे इंजेक्शन आणि इतर उपचारांची जोड द्यावी लागते.

गाठ त्वचेची नसते तेव्हा: अवधाण

पायाला ठेच लागून चिघळली की जांघेत अवधाण येते, घसा दुखला की जबड्याखाली गोळी लागते. ही त्वचेची गाठ नव्हे. शरीराच्या संरक्षणासाठी असलेल्या लसिका ग्रंथी जंतूंशी लढताना फुगतात. मूळ जखम किंवा घसा बरा झाला की ग्रंथीही साधारण दोन ते चार आठवड्यांत लहान होते. लहान मुलांच्या मानेत वाटाण्याएवढ्या सरकणाऱ्या गोळ्या लागणे फार सामान्य आहे.

पण मानेतली ग्रंथी कारणाशिवाय आली, दोन-तीन आठवड्यांनंतरही उतरली नाही, एकमेकींना चिकटलेल्या अनेक ग्रंथी लागल्या, तर थांबू नये. आपल्याकडे याचे एक मोठे कारण क्षयरोग आहे. जुन्या काळी याला गंडमाळ म्हणत. खोकला नसतानाही, छातीचा फोटो स्वच्छ असतानाही ग्रंथींचा क्षय होऊ शकतो. संध्याकाळी ताप, रात्री घाम, भूक मंदावणे, वजन घटणे ही लक्षणे सोबत असू शकतात किंवा नसूही शकतात. सुईने ग्रंथीतला नमुना घेऊन निदान होते आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. औषधे सहसा किमान सहा महिने चालतात. गाठ उतरली म्हणून ती मधेच सोडायची नसतात.

गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळग्यात लागणारी गाठ मात्र आठवडे मोजत न बसता लगेच दाखवावी. ती छातीतल्या किंवा पोटातल्या आजाराची पहिली खूण असू शकते.

डॉक्टरांना कधी दाखवायचे?

पुढीलपैकी एकही गोष्ट असेल, तर गाठ दुखो वा न दुखो, तपासून घ्या:

- गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी आहे, म्हणजे साधारण मोठ्या लिंबाएवढी. हाताची तीन बोटे जुळवून ठेवली तर अंदाज येतो.
- काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ती वाढल्याचे जाणवते, किंवा वर्षानुवर्षे शांत असलेली गाठ अचानक वाढू लागली आहे.
- ती खोल आहे. स्नायू ताणला की जागेवर घट्ट बसते, सरकत नाही.
- ती दगडासारखी कडक आहे किंवा खालच्या भागाला चिकटलेली आहे.
- पूर्वी काढलेली गाठ त्याच जागी पुन्हा आली आहे.
- वरची त्वचा फुटली आहे, रक्त येते, किंवा चार आठवड्यांत न भरलेली जखम आहे.
- तिळाचा रंग, कडा किंवा आकार बदलतो आहे.
- गाठीसोबत ताप, वजन घटणे, किंवा हातापायाला मुंग्या आणि अशक्तपणा आहे.

गाठ लाल, गरम, ठणकणारी असेल आणि ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मधुमेह असलेल्यांनी तर छोट्या गळवालाही हलके घेऊ नये. त्यांच्यात संसर्ग फार वेगाने पसरतो.

या जागांसाठी नियम वेगळे

*स्तन.* स्तनातली कोणतीही नवी गाठ तपासलीच पाहिजे, वय काहीही असो. तरुण मुलींमधल्या बहुतेक गाठी साध्या निघतात, पण ते तपासणीनंतर म्हणायचे असते, आधी नाही. पुरुषांनाही स्तनात गाठ येऊ शकते. संकोचाने सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो इथेच.

*वृषण.* तरुण पुरुषांत वृषणाला लागणारी न दुखणारी, कडक गाठ लगेच दाखवावी. हा कॅन्सर वेळेत सापडला तर बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते.

*जांघ.* खोकल्यावर पुढे येणारा आणि आडवे झाल्यावर आत जाणारा फुगवटा बहुधा हर्निया असतो. तो एकाएकी आत जाईनासा झाला, दुखू लागला आणि उलट्या सुरू झाल्या, तर ती तातडीची वेळ आहे.

*गळ्याचा पुढचा भाग.* पाणी गिळताना वर-खाली हलणारी गाठ बहुधा थायरॉइडची असते. त्यासाठी रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करावी लागते.

*तळपाय, तळहात, नखाखाली.* भारतीयांमध्ये तिळासारख्या काळ्या डागातून होणारा मेलॅनोमा हा कॅन्सर कमी आढळतो, पण होतो तेव्हा पुष्कळदा तळपायावर किंवा नखाखाली. अनवाणी चालल्याने झालेली जखम किंवा कुरूप समजून तो दुर्लक्षित राहतो.

*जुना व्रण.* अनेक वर्षांपूर्वी भाजलेल्या जागी नवी गाठ किंवा न भरणारी जखम झाली तर ती दाखवा. साडीच्या परकराची नाडी किंवा धोतराची गाठ कमरेला रोज त्याच जागी आवळली जाते. तिथली त्वचा काळी, जाड होते. क्वचित तिथे कॅन्सर झाल्याची नोंद भारतीय डॉक्टरांनी केलेली आहे. नाडी सैल बांधणे, रुंद पट्टी वापरणे, जागा बदलत राहणे इतके साधे उपाय पुरतात. पण तिथे जखम भरत नसेल तर मलम लावत बसू नका.

*लहान मुले.* नाकाच्या मुळाशी, टाळूवर किंवा पाठीच्या कण्यावर अगदी मधोमध असलेली गाठ कधीही पिळू किंवा टोचू नये. तिचे टोक आत मेंदूपर्यंत किंवा मज्जारज्जूपर्यंत पोहोचलेले असू शकते.

डॉक्टर काय करतील?

सुरुवात तुमच्या फॅमिली डॉक्टरांपासून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. लायपोमा, आवाळू, मस यांचे निदान अनुभवी डॉक्टर बहुतेक वेळा हाताने तपासूनच करतात आणि कोणतीही चाचणी लागत नाही. शंका असेल तर सोनोग्राफी होते. गाठ घन आहे की द्रवाची, वरवर आहे की खोल, हे त्यातून कळते. गरज पडली तर बारीक सुईने पेशी काढून किंवा छोटा तुकडा घेऊन तपासतात. मोठ्या, खोल गाठीसाठी एमआरआय लागतो.

"सुई लावली की गाठ पसरते" ही भीती आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. या भीतीने लोक तपासणी टाळतात, मग गाठ वाढून आजार पुढे गेल्यावर येतात, आणि अखेर सुई लावल्यावर निदान होते. दोष मात्र सुईला मिळतो. योग्य पद्धतीने केलेल्या सुईच्या तपासणीने कॅन्सर पसरण्याचा धोका अगदी नगण्य असतो. निदान न करण्याचा धोका मात्र खरा असतो.

एक सावधगिरी मात्र जरूर बाळगा. ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी किंवा खोल गाठ "चरबीचीच आहे, काढून टाकू" म्हणून आधी तपासणी न करता काढून घेऊ नका. क्वचित अशी गाठ सार्कोमा म्हणजे स्नायू-चरबीसारख्या मऊ भागांचा कॅन्सर निघते. ती अर्धवट निघाली तर पुढची शस्त्रक्रिया जास्त मोठी आणि अवघड होते. अशा गाठीसाठी आधी एमआरआय, मग नेमक्या जागेतून तुकडा तपासणे आणि त्यानंतर शस्त्रक्रिया असा क्रम हवा. हा तुकडाही शक्यतो पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावा.

साधी गाठ काढायचीच असे नाही. ती कपड्याला किंवा पट्ट्याला घासते, वारंवार सुजते, दुखते किंवा दिसायला नको वाटते, म्हणून काढता येते. लहान गाठ जागा बधिर करून, त्याच दिवशी घरी जाऊन होण्यासारखे काम आहे. काढलेली गाठ तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवली का, हे विचारा आणि तो अहवाल जपून ठेवा. तीच गाठ पुन्हा आली तर तो कागद फार उपयोगी पडतो.

घरी काय करू नये?

- मसाला घोड्याच्या शेपटीचा केस किंवा दोरा बांधू नका. जंतुसंसर्ग होतो, आणि तो मस नसून दुसरेच काही असेल तर ते कळायचे राहून जाते.
- चुना आणि सोडा लावून चामखीळ किंवा तीळ जाळू नका. त्वचा खोलवर भाजते, कायमचा व्रण राहतो, आणि तपासायला काही उरत नाही.
- आवाळू पिळू नका, सुईने टोचू नका. पिशवी आत फुटली तर सूज आणखी वाढते.
- गाठ विरघळवण्याचा दावा करणारी मलमे, तेले यांवर महिने घालवू नका. लायपोमा चोळल्याने जात नाही.

गाठीची नोंद ठेवा

डॉक्टरांनी "साधी आहे, लक्ष ठेवा" असे सांगितले, तर लक्ष ठेवायचे म्हणजे नेमके काय, हे अनेकांना उमजत नाही. रोज दाबून पाहणे म्हणजे लक्ष ठेवणे नव्हे. सततच्या दाबण्याने गाठ दुखू लागते आणि काळजी वाढते. त्याऐवजी गाठीशेजारी एक नाणे ठेवून मोबाइलवर फोटो काढा. शिवणकामाच्या टेपने लांबी-रुंदी मोजून तारखेसह लिहून ठेवा. दर दोन महिन्यांनी त्याच उजेडात, त्याच नाण्यासोबत पुन्हा फोटो घ्या. पाठीवरची गाठ असेल तर घरातल्या कुणाची तरी मदत घ्या. सहा महिन्यांचे फोटो शेजारी ठेवले की गाठ वाढली की नाही, हे अंदाजाने सांगावे लागत नाही.

तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या अंगावर वर्षानुवर्षे असलेली आणि कधीच कुणाला न दाखवलेली गाठ असेल, तर पुढच्या वेळी सर्दी-तापासाठी दवाखान्यात जाल तेव्हा तीही दाखवून या. मात्र वरच्या यादीतली एखादी खूण दिसत असेल तर सर्दीची वाट पाहू नका. बहुतेकांना "काही नाही, साधी आहे" एवढेच ऐकायला मिळेल. मनाला खरा निर्धास्तपणा त्यानंतर येतो. आणि ज्या थोड्यांना पुढची तपासणी सांगितली जाईल, त्यांच्यासाठी ती गाठ दुखायला लागण्याआधी झालेली असेल.